यंत्र चालवतो सर्जनच
रोबोच शस्त्रक्रिया करत असेल, तर सर्जनचे शुल्क वेगळे कशासाठी, हा प्रश्न गैरसमजातून आला आहे. अमेरिकेत २००० साली मान्यता मिळालेल्या ‘दा विंची’ या रोबोटिक शस्त्रक्रियेच्या प्रणालीत सर्जन रुग्णापासून काही फुटांवर बसून, त्रिमितीय चित्र पाहत हात हलवतो आणि यंत्र त्या हालचाली, बोटांची थरथर गाळून व त्या लहान प्रमाणात आणून, उपकरणांच्या टोकापर्यंत पोहोचवते. स्वतःहून ते एक टाकाही घालत नाही. यंत्र महाग असतेच, शिवाय त्याची बरीचशी उपकरणे ठरावीक वापरांनंतर बदलावीच लागतात. रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक हाती आले की हा खर्च त्यात कसा धरला आहे हे जरूर विचारावे, आणि त्याहीआधी, त्या सर्जनने हीच शस्त्रक्रिया रोबोच्या साहाय्याने किती वेळा केली आहे, हे निःसंकोच विचारावे.