बास गिटार वाजवताना डाव्या हाताला पेटके येतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात राहते, ऐरोलीला नोकरी करते आणि बास गिटार वाजवते. यंदाच्या नवरात्रात नवी मुंबईतल्या एका मंडळाच्या गरब्याला आमचा वाद्यवृंद वाजवणार आहे. तालमी जोरात चालू आहेत आणि नेमके आताच माझ्या डाव्या हाताला पेटके यायला लागले आहेत.

काय होतं ते जरा सविस्तर लिहिते, म्हणजे जाणकारांना अंदाज येईल. अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो, तो आधी जड होतो. मग अंगठा आपोआप आत ओढला जातो आणि काही क्षण उघडतच नाही, उजव्या हाताने धरून सोडवावा लागतो. मुंग्या येत नाहीत, बधिरपणा नाही, रात्री काही दुखत नाही. तालमीनंतर कोपराखाली आतल्या बाजूला शिरा ताठल्यासारख्या वाटतात, पण सकाळपर्यंत ते जातं.

सुटी गाणी वाजवताना हा त्रास जवळपास होतच नाही. गरब्याच्या मेडलीत मात्र हमखास होतो. ज्यांनी वाजवलंय त्यांना माहीत असेल, एक गाणं दुसऱ्यात शिरतं, ताल कुठेही थांबत नाही आणि लय चढत जाते. ढोल आणि ऑक्टोपॅडच्या (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) खाली बासने सा, पंचम आणि वरचा सा एवढंच वाजवायचं, पण अखंड. त्यात आमच्या गायिकेची पट्टी पांढरी चार, म्हणजे एफ. त्यामुळे हात सगळ्यात जाड तारेच्या पहिल्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) अडकून बसतो. तर्जनी पहिल्या फ्रेटवर, करंगळी तिसऱ्यावर, आणि हाच आकार कितीतरी वेळ.

बास साधा चार तारांचा आहे, ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), तारा ४५-१०५ जाडीच्या. माझे हात लहान आहेत. दिवसभर ऑफिसात कीबोर्ड आणि माउस, मग बास खांद्याला लावून ऐरोलीहून वाशीची लोकल, आणि तालमीच्या खोलीत कडक एसी. पोचले की बोटं मागे वाकवून ताणते आणि लगेच वाजवायला उभी राहते, कारण खोलीचं भाडं तासावर असतं.

वॉर्म-अप नेमका कसा करावा? की हे वॉर्म-अपचं दुखणंच नाही? आणि ऐन कार्यक्रमात अंगठा अडकलाच तर काय करायचं? मला हा कार्यक्रम मनापासून वाजवायचा आहे. पण त्यापायी हात कायमचा बिघडवून घ्यायचा नाही. कृपया अनुभवी वादकांनी आणि वैद्यकीय माहिती असलेल्यांनी लिहावं.

जुईनगरकर:

ताई, वॉर्म-अप जरूर करा, पण तेवढ्याने हा पेटका जाणार नाही असं मला वाटतं. बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात बास वाजवतोय, त्या अनुभवावरून सांगतो. अंगठ्याच्या बुडाशी गोळा येतो, याचा अर्थ नेक, म्हणजे बासचा दांडा, चिमटीत आवळली जातेय. हात गरम करून आवळली तर गोळा थोडा उशिरा येईल, एवढाच फरक.

घरी एक करून बघा. सातव्या फ्रेटवर बोट तारेवर नुसतं टेकवा आणि उजव्या हाताने सावकाश वाजवत राहा. टप् टप् असा मेलेला आवाज येईल. आता डाव्या बोटाचा दाब अगदी हळू वाढवत न्या. आधी खरखरेल, मग एका क्षणी स्वर स्वच्छ होईल. तिथेच थांबा. तारेला तेवढाच दाब लागतो, त्यापुढचा सगळा जोर वाया. बोट फ्रेटच्या लगेच मागे असेल तर त्याहून कमीत भागतं, दोन फ्रेटच्या मधोमध असेल तर जास्त लागतो. हाच प्रयोग खाली खाली येत पहिल्या फ्रेटपर्यंत करा.

मग अंगठा नेकवरून पूर्ण उचला आणि एखादी सोपी ओळ वाजवा. बास उजव्या कोपराने अंगाशी धरायचा आणि डाव्या हाताचं वजन बोटांतून तारेवर सोडायचं. कार्यक्रमात असं वाजवायचं नाही. पण अंगठ्याशिवायही स्वर निघतो हे हाताला एकदा कळलं की पुढे अंगठा नेकमागे नुसता टेकून राहतो.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फार कमी लोक बघतात. स्वतःचा बास नीट ऐकू येतो का? ढोलाच्या गदारोळात बास बुडाला की उजवा हात तारा ओरबाडायला लागतो आणि त्याच्या बरोबरीने डावाही आवळतो. दोन्ही हातांचा जोर एकत्रच चढतो. साउंडवाल्याला सांगून मॉनिटरमध्ये (वादकांकडे तोंड केलेला स्पीकर) स्वतःचा बास वाढवून घ्या. अँप मोठा ठेवा, बोटं हलकी.

आता वाद्य. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची स्टीलच्या पट्टीने मोजा. साधारण २ ते २.५ मिलिमीटर असेल तर ठीक, ३ च्या वर असेल तर तुम्ही विनाकारण कुस्ती खेळताय. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरतं, नेकला बाक येतो आणि तारा उचलल्या जातात, आपल्याकडे हे दरवर्षी बघतो. तुमच्या बाबतीत नटही (दांड्याच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा जातात) बघायला हवा, कारण तुमचं सगळं काम पहिल्या फ्रेटवर आहे. जाड तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट राहते ते पाहा. कागद जाईल इतकीच हवी. त्याहून बरीच जास्त असेल तर नटची खाच उंच आहे आणि पहिल्या फ्रेटला नेहमीच जास्त जोर लागणार. हे काम स्वतः करू नका. खाच एकदा जास्त घासली गेली की नट बदलावा लागतो.

पारसिक:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हात प्रत्यक्ष न बघता निदान करणार नाही, पण काही गोष्टी सर्वसाधारणपणे सांगता येतील.

बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखाली असतात. तिथून त्यांच्या दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत जातात. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि आता मूठ घट्ट आवळून बघा. जमत नाही, कारण स्नायू आधीच आखडलेला असतो, त्याला ओढायला जागाच उरत नाही. बास खाली लोंबकळत असेल तर मनगट असंच वाकतं आणि मग त्याची भरपाई अंगठा करतो. तुमच्या संध्याकाळच्या शिरा ताठण्याचं कारण यात असू शकेल. पट्टा इतका वर घ्या की उभं राहिल्यावर बास बसून वाजवताना असतो त्याच उंचीवर येईल. हेड (दांड्याचं खुंट्यांचं टोक) जड असून नेक खाली घसरत असेल तर डावा हात ती उचलून धरण्यातच दमतो. रुंद, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा लावला तर घसरणं कमी होतं.

वॉर्म-अपचा क्रम बदला. थंड स्नायू आधी ताणायचे नाहीत, आधी गरम करायचे. स्टेशनपासून चालत या. खांदे गोल फिरवा, हात झटका, कोपराखालचा भाग दुसऱ्या हाताने चोळा. कोमट पाणी मिळालं तर त्यात हात धरा, नाहीतर गरम चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसा. एसीत पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला. मग बास घ्या, पण सातव्या ते बाराव्या फ्रेटच्या भागात, जिथे फ्रेट जवळजवळ असतात. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला एक स्वर, अगदी हलक्या दाबाने. हळूहळू खाली सरका आणि पहिल्या फ्रेटला सगळ्यात शेवटी या. ताणण्याचे व्यायाम तालीम संपल्यावर, तेही दुखणार नाही इतपतच.

दुसरं म्हणजे वेळ. एरवी थोडा वेळ वाजवणारी माणसं कार्यक्रम जवळ आला की एकदम तीन-तीन तास वाजवतात. वादकांच्या हाताच्या तक्रारींमागे असा अचानक वाढलेला ताण फार वेळा असतो. वेळ टप्प्याटप्प्याने वाढवा आणि दर २०-२५ मिनिटांनी हात खाली सोडून थोडं थांबा.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसले ते. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात बधिरपणा, विशेषतः रात्री झोपेत, हे मनगटातली नस दबत असल्याचं लक्षण असू शकतं. करंगळी आणि अनामिकेत मुंग्या येत असतील तर कोपराकडची नस तपासून घ्यावी. आणि दुखत काहीच नाही, पण एखादं बोट फक्त वाद्य हातात घेतल्यावरच वळतं किंवा ऐकेनासं होतं, असं दिसलं तर न्यूरॉलॉजिस्टला भेटा. त्याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटं १९६४ च्या सुमारास अशीच आत वळू लागली आणि पुढे कित्येक वर्षं ते फक्त डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिले. तुमचं वर्णन मला तसं वाटत नाही, पेटका दमल्यावर येतोय आणि सुटतोय. तरी रियाज वाढवून हे बरं होईल असं समजू नका.

घणसोलीचा:

रोज एक केळं आणि ओआरएस घ्या. माझा एक मित्र मॅग्नेशियमच्या गोळ्या घेतो, त्याला फरक पडला.

पारसिक:

घाम खूप गेला असेल तर पाणी आणि ओआरएस घ्यायला हरकत नाही, मंडपात उकाडा असतोच. पण क्षारांची कमतरता एकाच अंगठ्यापुरती आणि एकाच मेडलीपुरती नसते. पोटऱ्यांत, पायांतही गोळे येत असतील, किंवा मधुमेह, थायरॉइड असेल, कोलेस्टेरॉलच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना दाखवून रक्ततपासणी करा. मॅग्नेशियम मनाने सुरू करू नका, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना ते घातक ठरू शकतं.

धागाकर्ती:

खूप खूप आभार, इतकं मनापासून लिहिलंत. सगळं करून पाहिलं. बाराव्या फ्रेटवर जाड तार ३ मिलिमीटरच्या वर आहे आणि पहिल्या फ्रेटवरची फट तर डोळ्यांना सहज दिसते. दाबाचा प्रयोग केल्यावर मी अवाक झाले. सातव्या फ्रेटवर लागणारा जोर आणि पहिल्या फ्रेटवरचा जोर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बास सेटअपला, म्हणजे तारांची उंची वगैरे नीट करून घ्यायला, देतेय. पायात वगैरे गोळे येत नाहीत.

पण पट्टी काही बदलणार नाही, एफ तो एफच. लहान हातांनी तिथे काय करावं?

जुईनगरकर:

३४ इंची बासवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर जवळपास १३ सेंटिमीटर भरतं, पाचव्या ते आठव्याचं १० च्या आसपास. म्हणून खाली प्रत्येक फ्रेटला एक बोट हा हट्ट सोडा. डबल बासवाले (उभं धरून वाजवायचं मोठं व्हायोलिनसारखं वाद्य) तिथे तर्जनी, मधलं आणि करंगळी एवढीच वापरतात, अनामिका करंगळीला जोडून दाबते. फ्रांट्स झिमांडल यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. चार फ्रेटऐवजी तीनच फ्रेट हाताखाली घ्यायचे आणि पुढे जायचं असेल तर बोट न ताणता अख्खा हात सरकवायचा. तुमच्या सा-वरच्या सा च्या आकारात करंगळी एकटी ताणली जात असेल, तर अनामिकेला तिच्या सोबत आणा.

पुढच्या वेळी वाद्य घेताना ३० इंची स्केल हातात घेऊन बघा, तेच अंतर साडेअकरा सेंटिमीटरवर येतं. या कार्यक्रमापुरता कोणाचा पाच तारांचा बास मिळाला तर उत्तम. तोच खालचा एफ त्याच्या सगळ्यात जाड बी तारेच्या सहाव्या फ्रेटवर मिळतो, हात आरामात मधे येतो. नेक रुंद असते, तेव्हा आठवडाभर आधी तरी हातात घ्या.

चार तारांवरच वाजवायचं असेल तर खालचा एफ फक्त समेवर द्या. बाकीचं डी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून किंवा ए तारेच्या आठव्यावरून, वरच्या सप्तकात. तीन तास एकच आकार धरून ठेवण्यापेक्षा दर गाण्याला जागा बदलली की वेगवेगळे स्नायू कामाला लागतात आणि लोकांना कानालाही बदल मिळतो. ढोल भरलेला असतो तेव्हा बासने अर्धे स्वर गाळले तरी ताल पडत नाही.

ऐन वेळी अंगठा जड व्हायला लागला की पेटक्याची वाट बघू नका. कीबोर्डवाल्याशी आधीच खूण ठरवा. तो डाव्या हाताने खर्ज धरेल, तुम्ही तेवढ्यात हात खाली सोडून अंगठा हलकेच बाहेर उघडा. एक अंतरा पुरतो.

मेडलीची यादी आणि गाण्यांचा क्रम इथे टाका. कुठला भाग वरच्या सप्तकात चालेल आणि कुठे खालचा एफ हवाच, ते मी गाण्यागणिक लिहून देतो.

धागाकर्ती:

यादी आज रात्रीच टाकते. कीबोर्डवाला तयार आहे, आत्ताच विचारलं.