गणपतीला ११ दिवस गावी जातोय, मुंगळ्यांच्या कॉलनीचं काय करू?

मुंगळोबा_ठाणे:
नमस्कार मंडळी. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली मुंगळ्याची राणी सापडली होती (आपला नेहमीचा मोठा काळा, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस), टेस्ट ट्यूबमध्ये ठेवली (तळाशी पाणी, त्यापुढे कापसाचा बोळा) आणि आता १४ कामकरी, थोड्या अळ्या आणि ५-६ कोष आहेत. ट्यूब एका छोट्या डब्यात आडवी ठेवलीये, चढून बाहेर येऊ नयेत म्हणून डब्याच्या काठाला आतून टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावलीये. आता चिपळूणजवळ गावी जायचंय, घर पूर्ण बंद. शेजारच्या काकूंना सांगू का की दोन दिवसांनी एकदा मधपाणी घाला? हो म्हणाल्यात पण तेव्हाचा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. की सोबतच नेऊ? बायको म्हणते गाडीत एक तर ते येतील नाहीतर मी.

वारूळवेडा:
काकूंना सोड रे बाबा, ११ दिवस म्हणजे काहीच नाही. खाण्याचं टेन्शन घेऊ नको, पाणी बघ. कापसाच्या मागे दोन बोटं पाणी असेल तर बिनधास्त जा, आणि कमी असेल किंवा कापूस पिवळा-काळा पडला असेल तर आजच नवीन ट्यूब भरून त्याच डब्यात शेजारी ठेवून दे, त्यांना वाटलं तर ते आपणहून शिफ्ट होतील, तू चिमट्याने उचलून हलवायला जाऊ नको. निघायच्या आदल्या दिवशी हे असले उद्योग तर अजिबात नको.

खाण्याचं म्हणशील तर मुंग्यांना स्वतःच्या पोटाच्या आधी एक साठ्याची पिशवी असते, त्यातलं त्या तोंडातोंडी एकमेकींना पाजतात. निघायच्या दोन दिवस आधी साखरपाणी पोटभर दे. पोट तट्ट फुगलं की काळ्या पट्ट्यांच्या मधे फिकट चामडी दिसायला लागते, तेवढं दिसलं की टाकी फुल. त्याच दिवशी एखादं छोटं झुरळ नाहीतर किडा दे अळ्यांसाठी, पण निघताना उरलेलं सगळं काढ, एक तंगडी पण ठेवू नको, या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी येते.

रानफूल२२:
वारूळवेडा बरोबर बोलतायत. माझा अनुभव सांगते. मागच्या दिवाळीत आम्ही ८ दिवस बाहेर होतो, शेजारच्या मुलाला सांगितलं होतं फक्त एक थेंब मधपाणी, एकदाच. त्याला कीव आली बिचाऱ्याला, अख्खा पेढा टाकला डब्यात!! पेढ्याला पाणी सुटलं आणि त्या चिकट पाकात ७ कामकरी अडकून मेल्या, वर पांढरी बुरशी. त्याला ओरडता पण येईना, प्रेमानेच केलं होतं ना.

आणि हो, सोसायटीत पेस्ट कंट्रोल कधी आहे ते सेक्रेटरींना विचारून घ्या. घरात कोणी मुंग्यांचा खडू ओढत असेल तर त्यांनाही सांगा. आमच्या सासूबाईंनी एकदा डब्याभोवतीच गोल काढला होता, म्हणे "बाहेर यायला नकोत" 😅

कोकणी_किडा:
सोबत नेऊ नका. मी नेले होते. घाटात ट्यूब डचमळून कापसातून पाणी आत आलं, अर्ध्या अळ्या ओल्या. ते निभावलं एकवेळ, पण गावच्या घरात रात्री बारक्या लाल मुंग्यांना वास लागला आणि सकाळी डब्यापर्यंत रांग. राणी वाचली ती नशिबाने.
घरीच ठेवा पण खिडकीत नको, ऊन लागलं की पाण्यामागची हवा फुगते आणि पाणी कापसातून पुढे ढकललं जातं, ट्यूबमध्ये पूर येतो. कपाटात अंधारात ठेवा.

मुंगळोबा_ठाणे:
धन्यवाद सगळ्यांना. पाणी अडीच बोटं आहे. पावडर मात्र पावसाने ओली होऊन गोळे झालेत, परत लावू का?

वारूळवेडा:
हो, जुनी पुसून नवीन लाव, आणि स्पिरिट पूर्ण उडून जाऊ दे, मगच ट्यूब आत ठेव. तरी पावसात पावडरचा भरवसा नाही, झाकण लाव. झाकणाला जाळी आहे ना? मुंगळा निसटेल अशी फट नको.

मुंगळोबा_ठाणे:
काल आलो. पाणी जेमतेम अर्धं बोट उतरलंय. १४ चे १६ झालेत, दोन नवीन अजून फिकट तपकिरी आहेत आणि चालताना धडपडतायत. अळ्या मात्र कमी दिसतायत, खाल्ल्या का काय?

वारूळवेडा:
खाल्ल्या असतील, प्रोटीन संपलं की तसं करतात. आज एक झुरळ दे, राणी परत अंडी घालेल.

मुंगळोबा_ठाणे:
दिलं. अर्ध्या तासात ओढत नेलं, आता ट्यूबच्या तोंडाशी अडकलंय, चौघे खेचतायत. दारात काकू विचारून गेल्या, "उपाशी नाही ना राहिले रे?"