जुन्या नाशकात ‘कलानगरी’? आधी आमच्या तुळईला हात लावून बघा

भद्रकालीकर
काल इथे एक पोस्ट वाचली. सरकारवाड्यापासून नारोशंकरापर्यंतचा पट्टा ‘कलानगरी’ जाहीर करा, गल्ल्यांच्या भिंती रंगवा, रिकाम्या वाड्यांत कलादालनं आणि कॅफे काढा, जुनं नाशिक पुन्हा गजबजेल. पुरावा म्हणून स्पेनमधलं बिलबाओ, एका संग्रहालयामुळे पालटलं म्हणतात ते शहर. वाहवाही भरपूर झाली. मला ‘रिकाम्या’ हा शब्द झोंबला.

आमच्या वाड्यात तीन बिऱ्हाडं राहतात. माजघरातल्या तुळईला वाळवी लागलीय, अंगठा दाबला की भुसा हाताला येतो. तिला दिलेला टेकू नेमका जिन्याच्या तोंडाशी आलाय, त्यामुळे गॅसची टाकी आडवी करून वर न्यावी लागते. दर पावसाळ्याआधी ‘धोकादायक वाडा’ची नोटीस दाराला चिकटते. मागची निघालेली नसते, नवी तिच्यावरच बसते.

आणि बिलबाओचं म्हणाल, तर ते गुगेनहाइम संग्रहालय १९९७ साली उघडलं. तिथली मेट्रो १९९५ मध्येच धावायला लागली होती, नदीत जाणारं सांडपाणी अडवायचं काम तर त्याच्याही कितीतरी आधी हाती घेतलं होतं. आपण गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, नाले तसेच सोडून भिंती रंगवणार. २०१९ च्या पुरात सराफ बाजारात पाणी होतं. त्या भिंतीवरचं चित्र किती पावसाळे टिकणार?

घाटावरचा चित्रकार
पोस्ट माझीच. ‘रिकाम्या’ हा शब्द चुकला, मान्य. पण बाकीचं मागे घेणार नाही.

चित्रकार शिवाजी तुपे यांच्या जलरंगांतून हा घाट नाशिकबाहेरच्यांनीही पाहिला. आज रविवारी सकाळी मी विद्यार्थ्यांना घेऊन गंगेवर बसतो, तर त्यातली निम्मी मुलं तांबट लेन पहिल्यांदा बघत असतात. नाशकातलीच मुलं ही! सगळा ओढा कॉलेज रोड आणि गंगापूर रोडकडे. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय, साईखेडकर नाट्यगृह, घाटावरची वसंत व्याख्यानमाला, रंगपंचमीच्या रहाडी (रंगाचे जुने हौद), हे सगळं गावातच आहे ना? नवीन काहीच आणायचं नाही, असलेलं जोडायचंय. मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव १९९९ मध्ये सुरू झाला आणि त्यातून उभा राहणारा पैसा त्याच परिसराच्या डागडुजीला लागतो. तुमच्या तुळईला पैसा येणार कुठून, ते तुम्ही सांगा.

तांब्याचा हंडा
मी तांबटाचा मुलगा. लोक येतात, ठोक्यांचा व्हिडिओ काढतात, हंडा मात्र स्टीलचा घेतात. एका संस्थेने वडिलांना प्रात्यक्षिकाला बोलावलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मठारून (भांडं ठोकून) घेतलं आणि शाल-नारळ दिला. रोजगार बुडाला तो बुडालाच. कलानगरी करा नाहीतर काहीही करा, आधी मजुरीचं बोला.

तिवंध्याचा वाडा
वाडे का पडतात हे कुणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. माझे वरचे भाडेकरू महिना ६० रुपये देतात. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा वर्षाला ४ टक्के वाढ देतो, म्हणजे २ रुपये ४० पैसे. कौलं फिरवायला गवंडी एका दिवसाचे किती घेतो? पाडून बांधावं तर निळी पूररेषा आडवी, तिच्या आत नदीलगत बांधकामावर बंधनं. क्लस्टर योजनेचं, म्हणजे अनेक जुनी घरं एकत्र करून नव्याने बांधायच्या योजनेचं, नाव किती वर्षं ऐकतोय. मालकाने करायचं काय?

पोटमाळ्यावरची
६० रुपयांचा हिशेब अर्धाच सांगितलात. माझ्या आजोबांनी पागडी, म्हणजे खोली घेताना मालकाला एकरकमी द्यायची रक्कम, मोजली होती, ती त्या काळात आयुष्यभराची बचत होती. दुरुस्ती मालकाने करायची हे त्याच कायद्यात लिहिलंय. आमच्या मालकाने दहा वर्षांत एक कौल बदललं नाही, आई भर पावसात परातीत पाणी झेलत बसायची. आम्ही स्वखर्चाने पत्रे टाकले, तर आम्हालाच नोटीस. तुम्हाला वाडा पडायलाच हवाय, म्हणजे आम्ही आपोआप निघतो.

तिवंध्याचा वाडा
तोंड सांभाळून. वाडा पडला तर माझी आईही त्यातच आहे. खालच्या खोलीत राहते ती.

पोटमाळ्यावरची
त्यांच्याबद्दल बोलले नाही मी. तेवढं मागे घेते, बाकीचं नाही.

भद्रकालीकर
मी मालकांपैकी एक. उताऱ्यावर चौदा नावं आहेत, त्यातली तीन माणसं हयात नाहीत आणि दोघांचा पत्ता कुणाकडे नाही. सह्यांसाठी वडील फिरत राहिले, आता मी फिरतोय. भाडेकरूशी माझं भांडण नाही, पण तुळई बदलायला तेरा जणांची संमती कुठून आणू?

घाटावरचा चित्रकार
हे मला माहीतच नव्हतं. पण मग मागणी तरी नीट करू. अहमदाबादला २०१७ मध्ये जागतिक वारसा शहराचा मान मिळाला. तिथे जुनं घर राखणाऱ्या मालकाला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, मिळतो, तो विकून दुरुस्तीला पैसा उभा करता येतो. इथे त्यासाठी अर्ज भरायलाच मदत मिळाली तर? सोबत भाडेकरूला त्याच जागी परत यायची लेखी हमी. आणि प्रात्यक्षिक करणाऱ्याला रोजची मजुरी.

तिवंध्याचा वाडा
चौदा सह्यांचं कोडं टीडीआरने सुटत नाही. पण लेखी हमी द्यायला मी तयार आहे.

पोटमाळ्यावरची
द्या मग. कागद बघितल्यावर बोलू.

भद्रकालीकर
चित्रकार, या रविवारी पोरांना घेऊन आमच्याकडे या. चौकातून तुळई आणि कडीपाट (लाकडी छत) दोन्ही दिसतं, ते काढू द्या त्यांना. चित्रं नोटिशीच्या उत्तराला जोडतो. फक्त वर एकावेळी दोघांनीच जायचं, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय द्यायचा नाही.