मदत हवी आहे: पोर्टफोलिओसाठी मोठी चारकोल ड्रॉइंग्ज स्कॅन कशी आणि कुठे करायची?

मंडळी, मुलगी बारावीला आहे, बीएफएला (चित्रकलेच्या डिग्रीला) जायचंय. सीईटीची प्रॅक्टिस क्लासमध्ये चालू आहे, तो प्रश्न नाही, पण एका खाजगी कॉलेजला पोर्टफोलिओ पीडीएफमध्ये हवाय, १० एमबीच्या आत. वॉटरकलर, पोस्टर कलर ए४वर आहेत, ते झाले स्कॅन. अडलंय ते चारकोलवर, ती सगळी ए२ कार्ट्रिज शीटवर.

फोनने काढून बघितलं, ट्यूबलाइटखाली कागद पिवळा येतो, बाल्कनीत बरं येतं पण एक कोपरा काळसर राहतोच. स्कॅनर ॲप तर हलकं शेडिंगच उडवतं, नाकाखालची सावली गायब. प्लॉटरवाल्याकडे (मोठे नकाशे वगैरे छापून देतो तो) मोठा स्कॅनर आहे पण त्यात शीट रोलरमधून जाते, आणि फिक्सेटिव्ह (चारकोल पसरू नये म्हणूनचा स्प्रे) मारूनही बोटाला काळं लागतंय, म्हणून नाही दिलं. (तो म्हणे काही होत नाही. त्याचं काय जातंय!) डीएसएलआर नाहीये, घ्यायचाही नाही.

तर ठाण्यात, नौपाडा ते घोडबंदर कुठेही, मोठा फ्लॅटबेड (कागद काचेवर सपाट ठेवायचा तो) स्कॅनर किंवा चित्रांचे फोटो काढून देणारं कोणी माहितीये का, साधारण किती घेतात? घरीच फोनने जमवायचं तर लाइट कुठून घ्यायचा?

आणि अजून एक, स्टेशनवर, तलावपाळीला बसून केलेली रफ स्केचेस तिच्या वहीत भरपूर आहेत, क्लासचे सर म्हणतात फक्त फायनल कामं टाका, मला तर तीच जास्त जिवंत वाटतात. ज्यांची मुलं हल्लीच यातून गेलीत त्यांनी सांगा, टाकायची का?