पणजीचं नाव शोधतेय – १९१८ ची मृत्यूनोंद कुठे मिळेल?

शुक्रवारपेठची_नात

नमस्कार. माझ्या आजोबांची आई मानमोडीच्या (१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या) साथीत गेली. आजोबा तेव्हा अंगावर पिणारे होते. घरात एवढंच माहीत आहे. तिचं नाव कुणालाच ठाऊक नाही. पणजोबा सोलापूरच्या जुन्या गिरणीत कामाला. त्यांनी लगेच दुसरं लग्न केलं आणि आजोबा जन्मभर त्या दुसऱ्या आईलाच आई म्हणत राहिले. पहिलीबद्दल विचारायची कुणाची हिंमत झाली नसावी.

पितृपंधरवड्यात नवमीला आम्ही तिचं पान वाढतो. गुरुजी नाव विचारतात, वडील नुसतं ‘आजी’ म्हणतात. वडील आता ८१ वर्षांचे आहेत. यंदा पानावर पाणी सोडताना म्हणाले, “आपल्याच माणसाला नावानं बोलावता येईना.” तेव्हापासून मला चैन नाही.

हाताशी आहे ते असं: पणजोबांचं पूर्ण नाव, शुक्रवार पेठेतलं घर, आजोबांचा शाळेचा दाखला (जन्म १ जून १९१८). एका कार्यालयात गेले तर ‘१९५० च्या आधीचं काही नसतं’ म्हणून दोन मिनिटांत वाटेला लावलं. नवमीवरून मी तारीख काढली, ती २९ सप्टेंबर १९१८ च्या आसपास येते. आता ही नोंद नेमकी कुठे शोधू?

दाजीपेठ

ऑनलाइन बघण्यात वेळ घालवू नका, तिथं अलीकडच्याच नोंदी आहेत. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा. त्याआधीचं सगळं कागदावर, आणि ज्या त्या ठिकाणी.

जुना_रेकॉर्डकीपर

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी तहसीलच्या अभिलेख कक्षात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नवमी. ती भाद्रपद वद्य नवमी, म्हणजे अविधवा नवमी. नवऱ्याआधी सौभाग्यवती गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात, तिची खरी तिथी कोणतीही असो. म्हणजे २९ सप्टेंबर ही पणजीची तारीख नाहीच, ती सोडून द्या. साथीचा मोठा तडाखा आपल्या भागात ऑक्टोबरात बसला. तुम्ही सप्टेंबर ते डिसेंबर असे चार महिने मागा.

दुसरं, १ जून. त्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजी सर्रास १ जून लिहायचे. त्यावर आजोबांचं वय मोजू नका.

आता महत्त्वाचं. माणूस कुठं राहत होता हे विचारू नका, कुठं वारला ते विचारा. नोंद तिथंच होते. तान्हं मूल होतं म्हणता, मग बाळंतपणाला ती माहेरी गेली असेल असं नाही वाटत? माहेर कोणतं, ते शोधा. शहरात वारली असेल तर नगरपालिकेच्या रजिस्टरात. सोलापूरची नगरपालिका १८५२ ची आहे, तेव्हा १९५० च्या आधीचं काही नसतं हे कुणाच्या तोंडावर ऐकून परत फिरू नका. नोंद नसेल तर तसं लेखी मागा. खेड्यात वारली असेल तर गाव नमुना नंबर १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतं. अर्जात गावाचं नाव आणि सालं लिहा, आणि ‘पाहणी करू द्यावी’ असं स्वच्छ लिहा. कारकुनाला शोधायला लावलं तर तो तुम्ही दिलेलं एकच नाव बघणार आणि तुमच्याकडे नेमकं तेच नाही.

माहेर अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याकडचं निघालं तर ते तेव्हा संस्थानात होतं (मंगळवेढं सांगलीकरांचं), तुळजापूरकडचं निघालं तर निजामाकडे. निजामाच्या दप्तरात फसली साल (तिथलं महसुली वर्ष) लागेल: १९१८ च्या ऑक्टोबरपासून फसली १३२८.

मोडीवाचक_बार्शी

काकांच्या म्हणण्याला जोड. बाईचं नाव शोधू नका, नवऱ्याचं शोधा. जुन्या दप्तरात ‘कोम’ किंवा ‘भ्र.’ (भ्रतार) असं लिहून पुढं नवऱ्याचं नाव येतं. ‘बिन’ म्हणजे मुलगा. आडनाव बहुतेकदा नसतंच. पान मोडीत असेल तर फोटो काढू देतात का विचारा, मी वाचून देईन.

शुक्रवारपेठची_नात

काका, माहेरचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मोठ्या आत्याला फोन केला. आजोबांना ती दादा म्हणायची. ती म्हणाली, “अगं, दादा मामाच्या गावाला जायचे की, कुर्डुवाडीला गाडी बदलून बार्शी लाइटनं.” गाव बार्शी तालुक्यातलं आहे, नाव सापडलं. अर्ज टाकते.

शुक्रवारपेठची_नात (दोन महिन्यांनी)

सापडली.

तिसऱ्या खेपेला पुस्तक समोर आलं. पानांच्या कडा बिस्किटासारख्या तुटत होत्या, म्हणून शिपाईदादांनी खाली पुठ्ठा धरला आणि पान मी उलटलं. ऑक्टोबरची पानं लांबूनच ओळखू आली. आधीच्या महिन्यांत एका पानात दोन-तीन महिने मावलेत आणि इथं आठ दिवसांना अख्खं पान. आजाराच्या रकान्यात वर एकदा ‘ताप’ आणि खाली कित्ता, कित्ता, कित्ता. ओळीनं चौदा माणसं. अक्षर शेवटपर्यंत एकाच हाताचं आहे. लिहिणाऱ्याच्या घरातलंही कुणी त्यात असेल का, हा विचार मनातून जाईना.

मोडीवाले दादा, तुम्ही फोटोवरून वाचून दिलंत त्यातलं ‘कोम’ आणि त्यापुढचं पणजोबांचं नाव मी तिथं उभ्या उभ्या ओळखलं होतं. तुम्ही सांगितलेली ती दोन अक्षरं वहीवर पन्नासदा गिरवून गेले होते. पुढे ‘राहणार सोलापूर’, वय १९, तारीख २६ ऑक्टोबर. त्याच पुस्तकात जन्माच्या नोंदीत आजोबाही निघाले, ९ सप्टेंबरचे. म्हणजे ती गेली तेव्हा ते दीड महिन्याचे. त्यांच्या नोंदीत आईचं नाव नाही, बापाचंच आहे.

माझा मुलगा २२ चा आहे. एकोणीस म्हणजे किती लहान, हे घरी येताना एसटीत कळलं.

तिचं नाव इथे लिहीत नाही. आधी वडिलांना सांगायचं आहे, उद्या सकाळी त्यांचं स्नान झाल्यावर. एक विचारायचं राहिलं: नक्कल आत्ता घेऊ की नंतर घेतली तरी चालेल?

जुना_रेकॉर्डकीपर

आत्ताच घ्या. पान तुटतंय म्हणता ना, मग पुढच्या वर्षी ती ओळ असेलच असं नाही. खरी नक्कल मागा, दोन प्रती, जन्माची वेगळी आणि मृत्यूची वेगळी. अर्जात पान नंबर आणि अनुक्रमांक घाला. आणि वडिलांना माझा नमस्कार सांगा.