चार फुटी मत्स्यटाकीसाठी लाकडी स्टँड घरीच करायचा आहे, सल्ला हवा

ओलाचिंब
मंडळी, 4 × 2 × 2 फुटांची, 12 मिमी काचेची, वर-खाली चौकट नसलेली टाकी घ्यायचं पक्कं झालंय. तयार स्टँड पाहिले. बहुतेक पार्टिकल बोर्डचे, पाणी झिरपलं की पापडासारखे फुगणार. म्हणून स्टँड स्वतःच करायचा विचार आहे. घरात ड्रिल, करवत, गुण्या, क्लॅम्प आहेत. अनुभव म्हणाल तर पुस्तकांचं एक कपाट, तेवढंच.

उंची अडीच फूट, खाली संप (पाणी गाळायची, पाइपांनी जोडलेली छोटी टाकी) ठेवायचा आहे. आराखडा असा: दोन बाय चार इंचीचे चार पाय, त्यांना बाहेरून आडव्या पट्ट्या स्क्रूने मारायच्या, वर 18 मिमी प्लाय. पाय चार बाय चारचे घेऊ का? मध्ये पाचवा पाय लागेल का? लाकूड कुठलं? हात न राखता सांगा.

गुण्या
आधी वजन मांडू. या मापाच्या टाकीत काठोकाठ साधारण 420 लिटर पाणी मावतं, म्हणजे तितकेच किलो. रिकामी काचच 85-90 किलो. दोन इंच वाळूचा थर पन्नासच्या पुढे, वर दगड. 600 किलो धरून चला.

आता पायांच्या जाडीत अडकू नका. रेषे उभे असतील तर लाकूड दाबाला भलतंच दणकट असतं. अडीच फुटी, दोन बाय चारचा चांगला वाळलेला एक पाय एकटा टनभर सहज पेलेल. तुमच्या आराखड्यात खोट आहे ती पट्ट्यांची. पट्टी पायाला बाहेरून मारली की टाकीचं सगळं वजन स्क्रूवर लटकतं. ते पट्टीतून स्क्रूत, स्क्रूतून पायात जाणार, आणि स्क्रूभोवतीचं लाकूड हळूहळू चेपत जाणार. आडवी पट्टी पायाच्या डोक्यावर बसवा. वजन लाकडावरून लाकडावर आणि तिथून थेट जमिनीत गेलं पाहिजे. स्क्रू आणि गोंद फक्त जागा सुटू नये म्हणून. सगळे स्क्रू काढून टाकले तरी टाकी खाली येता कामा नये, असा सांधा हवा.

संपवाले काका
गुण्या, +1. पाचव्या पायाबद्दल मी सांगतो: समोर मध्ये पाय दिलात तर संप आत घालणार कसा? समोरचा गाळा मोकळा ठेवा आणि वरची पट्टी उंच घ्या. पट्टी उभ्या कडेवर ठेवायची, आडवी नाही. उंची चाराची सहा इंच केली की त्याच जाडीत ताठपणा सव्वातीन पटींहून जास्त वाढतो. पाइन धरून हिशेब केला: दोन लांब पट्ट्यांवर निम्मं निम्मं वजन टाकलं तर चार इंचीला पावणेतीन मिमीच्या आसपास झोल येतो, सहा इंचीला मिमीच्या आत. लाकूड झोल सहन करेल, पण काच वाकत नाही. टाकीखालची पट्टी वाकली की टाकी कोपऱ्यांवर उभी राहते आणि तळाच्या काचा जोडणाऱ्या सिलिकॉनवर ताण येतो.

फटाफट
एवढं कशाला? लोखंडी अँगल वेल्ड करून घ्या, विषय संपला.

संपवाले काका
धागा लाकडाचा आहे हो. शिवाय खाऱ्या पाण्याची टाकी असेल तर अँगलचा रंग जिथे टवका जाईल तिथून गंज सुरू.

ओलाचिंब
पट्टी पायावर, हे पटलं. काका, पाणी गोडंच आहे. मग चार पाय, वर सहा इंची चौकट, खाली चार इंची चौकट, एवढं पुरे?

गुण्या
नाही. आता खरी भीती डुलण्याची. वरचं वजन स्टँडला खाली चेपून मोडत नाही, कुणी धक्का दिला, मूल लोंबकळलं की चौकट काटकोनातून सरकून पतंगाच्या आकाराची होते आणि बसते. नुसत्या कोपऱ्यातल्या स्क्रूंनी ते थांबत नाही. मागे पूर्ण 12 मिमी प्लाय लावा, चारही कडांना गोंद आणि दर सहा इंचांवर स्क्रू. दोन्ही बाजूंनाही तसंच. वरच्या 18 मिमी प्लायलाही चौकटीशी चिकटवा. समोरचा गाळा उघडा असला तरी मग सगळी पेटी एकसंध होते. पाइपांसाठी मागे भोकं लागतील, ती गोल पाडा आणि कोपऱ्यांपासून लांब.

गोंद वाळण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले म्हणजे चौकट काटकोनात.

लाकडाबद्दल: जात कुठली यापेक्षा वाळलेलं आणि सरळ असणं महत्त्वाचं. तुकडा डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्याकडे बघा, पीळ असेल तर लगेच कळतो. सहा इंची पट्टीत मधोमध, खालच्या कडेला मोठी गाठ नको. ताण तिथेच सगळ्यात जास्त येतो.

जलपर्णी
टाकीखाली फोम घालायचा की नाही, याचंही सांगा कुणीतरी. दरवेळी यावर भांडणं होतात.

संपवाले काका
भांडण होतं कारण दोघंही बरोबर असतात, टाक्या वेगळ्या असतात. ओलाचिंब यांची टाकी बिनचौकटीची आहे, तळाची काच पूर्ण टेकते. तिच्याखाली पातळ मऊ मॅट हवीच, एखादा वाळूचा कणही काचेला टोचू नये म्हणून. प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेल्या ज्या टाक्यांचा तळ अधांतरी असतो, त्यांना फोम नको. तो तळाला खालून उगाच वर दाबतो. आणि फोमने पिळलेला स्टँड सरळ होत नाही. सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी प्लायवर लांबीला, रुंदीला, कर्णावर ठेवा आणि मागून टॉर्च मारा. उजेड दिसला तर रंधा काढा.

जलपर्णी
धन्यवाद काका, माझी चौकटवाली आहे, म्हणजे फोम काढते आता.

ओलाचिंब
जमीन थोडी उतरती आहे, तिचं काय? आणि मजला वरचा आहे.

गुण्या
पाणसळ लावा आणि पाचर स्टँडच्या खाली घाला, टाकी आणि स्टँडमध्ये कधीही नाही. खालची चौकट पूर्ण टेकलेली ठेवा, नुसती चार टोकं नकोत. वजन फरशीवर पसरतं. वरच्या मजल्यावर टाकी खोलीच्या मधोमध नको, वजन पेलणाऱ्या भिंतीला लागून किंवा तुळईवर ठेवा. तुमच्या टाकीखाली चौरस मीटरला 800 किलोंहून जास्त भार येतोय, आणि घरांच्या मजल्यांची रचना बऱ्याच ठिकाणी सरसकट 200 च्या आसपास धरून करतात. शंका वाटली तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा, इथे विचारून भागणार नाही.

पॉलिश किंवा पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग करताना प्लायच्या कडा आणि पाइपांची भोकं दोनदा भरा. पाणी तिथूनच शिरतं.

ओलाचिंब
उरलं फक्त दारांचं. समोर दोन पाखी लावतो.

संपवाले काका
लावा, पण बिजागऱ्या बसवण्याआधी संप एकदा आत घालून बाहेर काढून बघा. पाइप जोडलेला असताना. आणि टाकी पहिल्यांदा भराल तेव्हा अर्ध्यावर थांबा, रात्रभर ठेवा, सकाळी पाण्याची कड दोन्ही टोकांना मोजा.