सूज, शोथ की दाह? झडपांच्या विकारातील रक्तचाचण्यांचे शब्द

प्रश्न : हृदयाच्या झडपांच्या विकारांवरील माहितीपत्रकाचे मराठीकरण करताना ‘इन्फ्लमेशन मार्कर’ (शरीरातील इन्फ्लमेशनची खूण दाखवणारे रक्तातील घटक किंवा चाचण्या) या संज्ञेपाशी मी अडलो आहे. आधीच्या मसुद्यात ‘रक्तातील सुजेचे प्रमाण’ असे आहे. ते खटकते, पण ‘दाह’ लिहावे की ‘शोथ’, हे ठरत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर : ‘सूज’ आपल्याला खटकली हे बरे झाले, कारण नेमक्या याच रुग्णांच्या बाबतीत तो शब्द दिशाभूल करणारा आहे. झडप अरुंद झाली किंवा गळू लागली आणि हृदयाला भार पेलेनासा झाला, की पाय सुजतात. घोट्यावर बोट दाबले तर खळगा पडतो आणि तो लगेच भरून येत नाही. ही सूज साठलेल्या पाण्याची असते, तिचा आपल्या संज्ञेशी संबंध नाही. ‘सुजेचे प्रमाण वाढले आहे’ असे वाचून असा रुग्ण आधी आपले पाय पाहील. ‘शोथ’ने हा घोटाळा मिटत नाही, कारण त्याचाही मूळ अर्थ सूज असाच आहे, शिवाय तो हिंदीत जितका रुळला तितका मराठीत रुळलेला नाही.

उरतो ‘दाह’. इंग्रजी संज्ञेच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही पेटवणे असाच आहे, म्हणजे दोन्ही भाषांनी एकच रूपक निवडले. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशी चार लक्षणे नोंदवली. त्यांतली सूज तेवढी उचलून साऱ्या प्रक्रियेला तेच नाव देणे म्हणजे अंशाला पूर्ण समजणे होय. ‘दाह’मध्येही एक अडचण आहे : छातीतला दाह म्हटले की वाचकाला पित्त आठवते. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘दाह, म्हणजे संसर्ग किंवा इजा यांना शरीराने दिलेला प्रतिसाद’ असा खुलासा करावा आणि पुढे ‘दाहदर्शक’ हा शब्द वापरावा.

शंका : मग ‘झडपेच्या दाहाचे दर्शक’ असे लिहिले तर?

उत्तर : तसे मात्र लिहू नये, येथे षष्ठी विभक्ती फसवते. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, मुख्यतः यकृतात तयार होते. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात 1930 मध्ये त्याचा शोध लागला, तेव्हा झडपांचा विषयही नव्हता. शरीरात कोठेही दाह असला तरी ते वाढते. दाह झडपेत आहे की हिरड्यांत, हे ते सांगत नाही. ईएसआर ही दुसरी दाहदर्शक रक्तचाचणी तर त्याहून मोघम. उभ्या नळीत तांबड्या पेशी पहिल्या तासात किती मिलिमीटर खाली बसतात, एवढेच त्यात मोजतात, आणि रक्तक्षय किंवा उतारवय यांनीही तो आकडा चढतो. झडपेवर जंतुसंसर्ग झाला असता हे दोन्ही आकडे बहुधा वाढलेले असतात, पण निदान मुख्यतः रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहणे) आणि इकोकार्डिओग्राफी (हृदयाची सोनोग्राफी) यांवर उभे राहते. म्हणूनच ‘दर्शक’ योग्य आणि ‘निदानक’ चूक.

संधिवाती ताप स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गानंतर येतो आणि झडपा बिघडवू शकतो; त्याच्या प्रकरणात आणखी एक काळजी घ्यावी. या तापाच्या निदानासाठीच्या 1944 च्या जोन्स निकषांच्या 2015 मधील सुधारित आवृत्तीत सीआरपी आणि ईएसआर गौण निकषांत मोडतात. एएसओ (अँटीस्ट्रेप्टोलायसिन ओ) या रक्तचाचणीचा आकडा मात्र त्या ओळीत बसवू नये : तो या जंतूंचा संसर्ग होऊन गेल्याची खूण आहे, दाहाची नव्हे. पुष्कळ पत्रकांत हे तिन्ही एकाच मथळ्याखाली कोंबलेले आढळतात.

शेवटी ‘हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी’. याचे ‘अतिसंवेदनशील सीआरपी’ हे भाषांतर अनेकदा दिसते, आणि वाचणाऱ्याला वाटते की आपल्याला कसली तरी ॲलर्जी आहे. रेणू तोच असतो. मोजण्याची पद्धत तेवढी अधिक बारीक, अत्यल्प प्रमाणही टिपणारी असते. संवेदनशीलता चाचणीची आहे, प्रथिनाची नाही आणि रुग्णाची तर नाहीच. ‘सूक्ष्ममापी सीआरपी चाचणी’ असे लिहावे, आणि ‘चाचणी’ हा शब्द गाळू नये.